कुलरच्या पंपावरचं कूलंट: धार आटली की पंप बदलायच्या आधी एवढं बघा

लातूर एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे. एक जुनं मिलिंग, एक लेथ, एक ड्रिल. काम बहुतेक डाळ मिलवाल्यांचं. शाफ्टला की-वे मारायचा, पुलीचा बोअर काढायचा, कपलिंगची भोकं पाडायची. मिलिंग जुन्या बाजारातून आणलं तेव्हा त्याच्या मूळच्या कूलंट पंपाची, म्हणजे कापताना कटरवर थंड ठेवणारं तेल-पाणी सोडणाऱ्या पंपाची, जागा रिकामीच होती. दिवाळीनंतर घरचा कुलर माळ्यावर चढला, तसा त्याचा पंप मी काढून आणला. रंगाची 20 लिटरची बादली, गवंडी लेव्हलला वापरतात तो पारदर्शक पाइप, प्लास्टिकचा एक कॉक आणि पुढे फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून मागून घेतलेला वीतभर तांब्याच्या नळीचा तुकडा. धार अशी पडली की मी स्वतःवरच खूश. चौथ्या दिवशी धार बंद.

पंप गेला म्हणून नवा आणला. तोही आठवड्यात बसला. तिसरा आणायला गाडीला किक मारली आणि काय वाटलं कोण जाणे, परत आत येऊन आधीचे दोन उघडले. दोन्ही धडधाकट होते.

त्यानंतर आसपासच्या शेडमधले असे जुगाड मी बरेच बघितले. सल्ला विचारायला फोन करणारा नवा पंप हातात धरूनच बोलत असतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. बिघाड बादलीत असतो, परतीच्या वाटेत असतो किंवा पाण्यात असतो.

लक्षणं

- सकाळी धार करंगळीएवढी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत उदबत्तीएवढी.
- पंप घूं-घूं करतो, पण नळीतून थेंब नाही.
- धार उचकी लागल्यासारखी येते, मध्येच हवा फुसफुसते.
- एमएस (साधं पोलाद) कापताना चिप्स, म्हणजे धातूचे कापलेले तुकडे, निळ्या पडतात, कटर किंचाळतो, धूर निघतो.
- बादलीवर सायीसारखा थर किंवा उतू जाणारा फेस.
- सुट्टीनंतर शटर उघडलं की सडक्या अंड्यांचा वास.
- बादलीला किंवा टेबलाला हात लावला की मुंग्या येतात. हे लक्षण असेल तर मधलं काही वाचू नका. मेन स्विच पाडा आणि थेट खालच्या करंटच्या भागाकडे जा.

आणखी एक. बादलीत हात घालण्याआधी प्लग सॉकेटमधून उपसून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन पिनचा प्लग उलटा बसला किंवा वायरिंग उलटं असलं, तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज पंपापर्यंत तसाच पोचलेला असतो.

आधी फुकटातलं: बादलीत पाणी आहे का?

हसू नका. आमच्याकडे मिलिंगवर जे मामा आहेत, त्यांचा हात माझ्यापेक्षा जुना. एकदा ते म्हणाले, "शेठ, पंप गेला." मी विचारलं, "मामा, बादली बघितली का?" बघितली नव्हती. सगळं कूलंट टेबलावर तुंबलेलं आणि तिथून पलीकडच्या बाजूने फरशीवर. अॅल्युमिनियमच्या लांब कुरळ्या चिप्सचा बोळा परतीच्या भोकात बसला होता. बादली कोरडी, आणि पंप हवा खात तापलेला.

हे पंप आजूबाजूच्या पाण्यानेच थंड राहतात. अर्धा तास कोरडे चालले की खरंच जळतात, आणि मग तुम्ही म्हणता पंपच टुकार होता. म्हणून आधी टेबलाचे टी-स्लॉट, म्हणजे वस्तू बांधायच्या खाचा, ब्रशने साफ करा आणि परतीच्या भोकावर जाळी ठेवा. जुनी चहाची गाळणी दांडी कापून बसवली तरी चालते. जाणारा पाइप अर्ध्या इंचाचा असला तर परतीचा किमान एक इंची हवा, कारण जाताना पंपाचा जोर असतो आणि येताना नुसता उतार. परतीच्या पाइपला कुठे झोळ पडला की तिथे गाळ बसलाच म्हणून समजा.

बादली काठोकाठ भरू नका. 20 लिटरच्या बादलीत 15 लिटरच. पंप बंद केला की पाइपातलं आणि टेबलावरचं पाणी खाली येतं, त्याला जागा लागते.

नोझल आणि कॉक

नोझल काढा आणि प्लग लावून बघा. मोकळ्या पाइपातून धार जोरात आली, तर दोष पुढे आहे, पंपाला हात लावायचं कारण नाही. तांब्याच्या नळीत बारीक चीप आडवी अडकते. ती तोंडाकडून मागे ढकलून काढा. मागून पुढे ढकलली तर आणखी घट्ट बसते. प्लास्टिकच्या कॉकमध्ये साबणासारखा पांढरा थर धरला असेल तर तो का धरतो ते पाण्याच्या भागात सांगतो.

पाइप, उंची आणि हेडचा घोळ

लेव्हलचा पाइप उन्हाळ्यात मऊ पडतो आणि वाकणावर चपटा होतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हे हमखास. वाकण असेल तिथे कोपऱ्याचा जोड टाका.

त्याहून मोठी गंमत खोक्यावरच्या आकड्यांत आहे. 18 वॉटच्या साध्या पंपावर साधारण 1.8 मीटर, म्हणजे सहा फूट हेड लिहिलेलं असतं आणि ताशी हजार-अकराशे लिटर. लोक दोन्ही एकत्र वाचतात. पण ताशी हजार लिटर मिळतं ते उंची शून्य असताना, आणि सहा फूट ही अशी उंची आहे की पाणी तिथवर चढतं आणि जागेवर थांबतं. मधल्या उंचीला मधलंच काहीतरी मिळणार.

माझ्या मिलिंगला जमिनीवरच्या बादलीतल्या पाण्यापासून नोझलपर्यंत साडेचार फूट होतं. म्हणजे पंपाची बरीच ताकद नुसती चढण्यातच संपायची. त्यात दुपारपर्यंत बादलीची पातळी चार बोटं उतरली की धार आणखी बारीक. बादली फूटभर उंच लोखंडी स्टुलावर ठेवली, पाइपाची फालतू लांबी कापली, आणि खर्च न करता धार दुप्पट वाटायला लागली. टेबलावरून पाणी परत यायला उतार उरतो का तेवढं बघून घ्या.

पंप काढून पुन्हा बसवल्यावर घूं-घूं आणि पाणी नाही, असं झालं तर पोटात हवा कोंडली असेल. पाण्याखालीच तो आडवा-तिरका करा, बुडबुडे निघून जातात. इतकंच.

आता पंप उघडा

इथे माझे पहिले दोन पंप सापडले.

हल्लीच्या बहुतेक छोट्या कुलर पंपांचा रोटर म्हणजे शाईच्या पेनाच्या टोपणाएवढं गोल चुंबक असतं, त्याच्या टोकाला पंख्याची पाती. कॉइल पलीकडे राळेत ओतून बंद केलेली. कुलरमध्ये हे उत्तम, तिथे पाण्यात लोखंड नसतं. मिलिंगच्या बादलीत मात्र आपण त्या चुंबकाला दिवसभर लोखंडाचा भुगा खाऊ घालतो. तो रोटरवर केसाळ काळ्या सुरवंटासारखा चढत जातो. रोटर आणि त्याच्या खोबणीतली जागा जेमतेम नखाच्या जाडीची. ती भरली की रोटर जागच्या जागी थरथरतो, कॉइल घूं-घूं करते आणि आपण म्हणतो पंप गेला.

पुढचं झाकण सरकवून काढा, रोटर बोटांनी बाहेर ओढा. फडक्याने पुसून भुगा निघत नाही, नुसता इकडून तिकडे सरकतो. घरून लिंबाएवढा कणकेचा गोळा आणा आणि रोटर त्यात लोळवा. कणीक काळी होते, चुंबक उघडं पडतं. चिकटपट्टीनेही जमतं, पण कणीक फटीतलं काढते. खोबणी काडीला कापड गुंडाळून पुसा. मधली बारीक दांडी वाकडी आहे का, पात्याला चीर आहे का बघा. रोटर बोटाने फिरवल्यावर चुंबकाचे हलके झटके लागले पाहिजेत, पण खरखर लागता कामा नये. खरखर राहिली तरच नवा पंप.

जुन्या पद्धतीच्या काही पंपांत चुंबक नसतं. त्यात भुगा चिकटत नाही, पण बुश झिजते. शाफ्ट बोटाने हलवला आणि डुगडुगला, तर तो पंप संपला.

भुगा पंपापर्यंत जाऊच न देणं

रोटर साफ केला आणि तसाच परत टाकला, तर चार दिवसांनी तुम्ही पुन्हा कणीक मळत बसाल. मी बसलो आहे. सुरुवातीला मी पंपाला बायकोच्या जुन्या ओढणीचा तुकडा गुंडाळला होता. भुगा थांबला, पण दोन तासांत कापडच तुंबलं आणि पाणीही थांबलं. ओढणीचा जाब द्यावा लागला तो वेगळाच. ओढणाऱ्या तोंडावर बारीक गाळणी लावू नये. गाळायचं ते परत येणाऱ्या पाण्यात.

आता दोन बाद्या आहेत. टेबलावरून येणारं पाणी पहिलीत पडतं. तिच्या वरच्या कडेपासून चार बोटं खाली एक इंची भोक पाडून नळी बसवली आहे, वरचं पाणी तिथून दुसरीत जातं. जड भुगा पहिलीच्या तळाशी बसतो. पंप दुसऱ्या बादलीत, तोही तळापासून तीन इंच वर, उलट्या डब्यावर ठेवलेला. दोन बाद्यांमधल्या नळीच्या तोंडाशी जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगलं आहे. संध्याकाळी पिशवी उलटी करून चुंबक बाहेर ओढलं की सगळा भुगा पिशवीत राहतो. नागडं चुंबक टांगलं तर ते साफ करण्यात अर्धा तास जातो.

अॅल्युमिनियम आणि पितळ चुंबकाला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी गाळणी आणि पहिली बादली, एवढाच इलाज.

आणि बीड कोरडंच कापा. जिल्हा नव्हे, बिडाचं कास्टिंग. त्यात ग्रॅफाइट असतं, ते कटरला स्वतःच वंगण देतं. कूलंट सोडलं की त्याची काळी पेस्ट होते आणि ती पेस्ट वरच्या सगळ्या बंदोबस्ताला पुरून उरते. मास्क लावा, व्हॅक्यूम लावा, पण कूलंट बंद ठेवा.

पाणी

आमच्या घरी आई बोअरच्या पाण्यात वरणाची डाळ लावत नाही. शिजत नाही म्हणते, आणि खरंच शिजत नाही. ते पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. तुरीची बाजारपेठ असलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पण तेच पाणी मी दोन वर्षं कूलंटला वापरत होतो.

कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं सोल्युबल ऑइल. ते पाण्यात विरघळत नाही. त्यातला साबणासारखा घटक तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतो, म्हणून ते दुधासारखं दिसतं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याच साबणाला पकडतं आणि न विरघळणारी साय बनवतं. अंघोळीच्या बादलीला पांढरी कड धरते तीच ही. साय जाळीवर, पाइपात, कॉकमध्ये चिकटते आणि तेल सुटून वर येतं. मग धारही बारीक आणि कापलेल्या वस्तूवर गंजही.

परीक्षा फुकट आहे. काचेच्या बाटलीत 20 चमचे पाणी घ्या, त्यात 1 चमचा ऑइल टाकून हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी एकसारखं दूध दिसलं तर पाणी चालेल. वर तेलाचा थर किंवा दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर पाणी बदला. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात शेडला टँकर मिळेल तिथून मागवायचो. एका टँकरचं कूलंट टिकायचं, दुसऱ्याचं दोन दिवसांत फाटायचं. तेव्हा ही बाटलीची सवय लागली, ती अजून आहे.

पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी वापरता येतं, पण ते फार हलकं असलं की फेस चढतो आणि पंप फेस ओढतो. मी आरओ आणि बोअर अर्धं-अर्धं घेतो.

मिसळताना पाण्यात तेल ओता, तेलात पाणी नको. उलटं केलं की लोण्यासारखा घट्ट गोळा होतो आणि तो नीट सुटत नाही. सर्वसाधारण कामाला 1 भाग तेल, 20 भाग पाणी. म्हणजे 15 लिटरला 750 मिली. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. उन्हाळ्यात उडतं ते पाणी, तेल आणि क्षार मागे राहतात. म्हणून रोजची भर पातळ मिश्रणाची घाला, आणि शक्यतो बोअरच्या पाण्याची नको, नाहीतर आठवड्यागणिक क्षार वाढत जातात.

वास

मशीनच्या स्लाइडवरचं तेल धुऊन बादलीत येतं आणि वर तवंग धरतं. सुट्टीत पाणी स्थिर असतं, तवंगामुळे हवा आत जात नाही, आणि हवा न लागणारे जंतू खाली मजा करतात. सडक्या अंड्यांचा वास त्यांचाच. रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अंथरून उचला, तवंग त्याला चिकटून येतो. लांब सुट्टी असेल तर मासे पाळणाऱ्यांकडचा हवेचा छोटा पंप लावून ठेवा.

फिनाइल किंवा ब्लीचिंग टाकू नका. ब्लीचिंगने कूलंट फाटतं आणि टेबल गंजतं. एकदा वास पक्का झाला की सगळं काढा. धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने बाद्या, पाइप, टी-स्लॉट घासा, साध्या पाण्याने खळखळून धुवा आणि नवं भरा. जुन्यातलं पाच लिटर वाचवलंत तर तेच विरजण होतं. काढलेलं कूलंट नालीत किंवा मागच्या शेतात ओतायचं नाही. कॅनमध्ये साठवा आणि तेलकट कचरा नेण्याची परवानगी असलेल्याकडे द्या.

करंट, आणि इथे थांबायचं

पंपाची वायर साध्या पीव्हीसीची असते. तेलकट पाण्यात काही महिन्यांत ती कडक होते आणि पंपातून जिथे बाहेर पडते तिथे चिरते. दर महिन्याला तो सांधा वाकवून बघा. चीर दिसली तर टेप गुंडाळू नका, पंप टाकून द्या. इथे मात्र मी नवा पंप घ्यायलाच सांगतो. पाण्यात बुडलेल्या वायरला टेप हा इलाज नाही.

पंपाच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. इथे तर तुम्ही ओल्या लोखंडाला दोन्ही हात टेकून उभे असता.

पुढच्या गोष्टी घडल्या की आपली हुशारी बाजूला ठेवा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. मुंग्या आल्या. नवा पंप लावूनही आरसीसीबी पडतोय. शेडला न्यूट्रल आलेलाच नाही आणि कुणीतरी पंपाचा न्यूट्रल अर्थिंगवरून घेतलाय. हा तिसरा प्रकार मी तीन शेडमध्ये बघितला. तीन फेजच्या मशीनशेजारी सिंगल फेजचा पंप चालवायला सोपं पडतं म्हणून लोक करतात. अर्थिंग कुठे तुटलं तर अख्खं मशीन फेजवर येतं. आपल्याकडे मे महिन्यात मुरूम आणि काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी टाकत चला, पण मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या.

मशीनच्या गिअरबॉक्सच्या काचेत तेल दुधाळ दिसलं, तर कूलंट आत शिरलंय. मशीन बंद करा आणि फिटर बोलवा. बेअरिंगला असं तेल एक पाळीसुद्धा चालवू नका. हाताला खाज-पुरळ आलं तर रॉकेलने हात धुणं बंद करा आणि डॉक्टरला दाखवा.

कार्बाइडच्या टीपवर (कटरच्या टोकाला बसणारा अतिकठीण तुकडा) काम असेल तर आणखी एक मर्यादा. तापलेल्या टीपवर तुटक-तुटक धार पडली की तिला बारीक तडे जातात. त्यापेक्षा ती कोरडी, हवेवर चाललेली बरी. कुलरच्या पंपाची धार एचएसएस (हायस्पीड स्टील) कटरला आणि सुट्या कामाला पुरते. रोज आठ तास कार्बाइड चालत असेल, तर 0.1 एचपीचा खरा कूलंट पंप घ्या. त्याची मोटर पाण्याच्या वर असते आणि पोटात चुंबक नसतं. माझ्याकडे आता लेथवर तो आहे, मिलिंगवर अजून कुलरचाच.

आणि मिलिंगवरून काढलेला पंप पुन्हा घरच्या कुलरला लावू नका. मी एका मार्चमध्ये साबणाने धुऊन लावला होता. घरभर सोल्युबल ऑइलचा वास, आणि आईने कुलर बंद करून खिडक्या उघडल्या. त्या वर्षी गवताच्या जाळ्यासुद्धा नव्या घ्याव्या लागल्या.